मावशींच्या शेजारची खुर्ची

शेजारच्या मावशी शाळेत चार वर्षं बास्केटबॉल खेळल्या, आणि त्या चार वर्षांत त्यांनी सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नाही. टाकायची परवानगीच नव्हती. लेकीच्या स्वयंपाकघरात, उकळत्या चहाकडे संशयाने बघत त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, बरोबर ऐकलंस. त्या गार्ड होत्या."

लेक अमेरिकेत आयोवा सिटीला विद्यापीठात संशोधन करते. 2025 च्या हिवाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने राहिले. हे गाव आपल्याला माहीत असतं ते लिहिणाऱ्यांचं गाव म्हणून. कवी दिलीप चित्रे 1975 साली इथल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमासाठी आले होते. पुढे 2008 मध्ये युनेस्कोनं गावाला साहित्यनगरी ठरवलं. तेव्हा गावभर कवींचे पुतळे नाहीत तरी निदान फोटो तरी दिसतील, अशा भाबड्या समजुतीत मी होते. दिसला तो 22 हा आकडा. किराणा दुकानात 22, पेट्रोल पंपावर 22, केक विकणाऱ्या बाईच्या ॲप्रनवर 22. आपल्याकडे एखाद्या गावात नवसाला पावणारं दैवत असावं, तसा.

हा आकडा केटलिन क्लार्कच्या जर्सीचा. याच आयोवा राज्यातली मुलगी. 2020 ते 2024 अशी चार वर्षं ती आयोवा विद्यापीठाच्या महिला संघातून खेळली आणि 3,951 गुण करून गेली. अमेरिकेच्या वरिष्ठ गटाच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये इतके गुण ना कुठल्या बाईनं केले होते, ना पुरुषानं. आता ती व्यावसायिक संघात आहे. 2 फेब्रुवारी 2025 च्या रविवारी तिची जर्सी विद्यापीठ कायमची निवृत्त करणार होतं, म्हणजे यापुढे त्या संघात 22 नंबर कुणालाच मिळणार नाही. त्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी सामना होता. तो संघ देशात चौथ्या क्रमांकावर. आयोवाचं नाव पहिल्या पंचविसांतही नव्हतं.

मावशींकडे दोन खुर्च्यांची हंगामाची तिकिटं. एक त्यांची, एक बहिणीची. बहिणीचा गुडघा नुकताच बदललेला. "तुम्ही येता का?" त्यांनी मला विचारलं, जणू भाजी आणायला चालल्या आहेत. माझ्या जावयाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला. त्या दिवसाची तिकिटं बाहेर काही शे डॉलरला विकली जात होती आणि तो महिनाभर त्यांच्या मागे होता. "आईंना काही कळायचं नाही, दुभाषा म्हणून मी येऊ का?" त्यानं विचारून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "खुर्ची एकच आहे."

लेक त्यांना पहिल्या नावानं हाक मारते. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईंना नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मनातल्या मनात मी त्यांना मावशी करून टाकलं.

आता त्या न टाकलेल्या चेंडूविषयी. बास्केटबॉल जन्मला 1891 च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. थंडीत पोरांना घरात काय खेळवायचं या विवंचनेतून जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंदा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो खेळ मुलींना शिकवला. पण मुलींनी इतकं पळायचं, अंगाला अंग लावायचं म्हणजे काय! म्हणून त्यांनी मैदानाचे भाग पाडले आणि ज्या मुलीचा जो भाग, तिनं त्यातच राहायचं असा नियम केला. कॉलेजच्या मुलींचा पहिला सामना 1893 च्या मार्चमध्ये झाला. बघायला पुरुषांना मज्जाव होता.

त्याच रीतीचं एक रूप आयोवात रुजलं. संघात सहा मुली. तीन फॉरवर्ड एका अर्ध्या भागात, तीन गार्ड दुसऱ्या. मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. चेंडू दोनदा आपटला की पुढं पास तरी द्यायचा, नाहीतर टाकायचा. टाकायचा म्हणजे फॉरवर्डनं. गार्डनं समोरच्या फॉरवर्डला अडवायचं, चेंडू हिसकावायचा, रेघेपर्यंत पोचवायचा आणि मग कमरेवर हात ठेवून उभं राहून पलीकडची गंमत बघायची. "फॉरवर्डचे फोटो पेपरात यायचे," मावशी म्हणाल्या, "आम्हाला काळेनिळे डाग."

मला हसू आलं, कारण मी तालुक्याच्या शाळेत खो-खो खेळायचे आणि खुंटाजवळच्या चौकात बसायचे. पळणारीचं नाव व्हायचं. बसणारीला पाठीत थाप मिळायची, तीही खोची.

पण हा सहाजणींचा खेळ हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 1920 पासून आयोवात मुलींची राज्य स्पर्धा भरू लागली. 1925 साली शाळांच्या क्रीडा संघटनेनं ती बंद करायचं ठरवलं. मुलींना शोभत नाही, झेपत नाही, ही नेहमीची कारणं. तेव्हा लहान गावांतल्या शाळांच्या माणसांनी बंड केलं आणि फक्त मुलींच्या खेळांसाठी वेगळी संघटना उभी केली. ती आजही आहे. मोठ्या शहरांतल्या शाळांनी मुलींचा बास्केटबॉल सोडून दिला, खेड्यांनी तो धरून ठेवला, हे ऐकून मला नवल वाटलं. मावशींना नाही वाटलं. त्यांचं गाव मक्याच्या शेतांत हरवलेलं. "पहाटे उठून गाईंच्या धारा काढणारी मुलगी चेंडू टाकून दमते, हे माझ्या वडिलांना कोण पटवणार होतं?"

1968 च्या राज्य स्पर्धेचा अंतिम सामना बघायला त्या वडिलांनी सगळं घर गाडीत कोंबून डे मॉइनला नेलं होतं. युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हर्ली. दोन्ही खेडेगावच्या शाळा. एका बाजूला डेनिस लाँग, दुसऱ्या बाजूला जनेट ओल्सन. जादा वेळेत 113-107 असा निकाल. लाँगचे 64 गुण, ओल्सनचे 76, आणि जिंकला लाँगचा संघ. हे आकडे मावशींनी आपल्याकडे पाढे म्हणतात तसे सांगितले. घरी येऊन मी पडताळून पाहिले, एकही चुकला नव्हता. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघानं लाँगला चक्क आपल्या यादीत निवडलं. लीगच्या प्रमुखांनी ती निवड रद्द केली.

तर सामना. कार्व्हर-हॉकआय अरीना हे त्या स्टेडियमचं नाव. दारातच माझी पर्स अडली. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते, आतलं सगळं बाहेरून दिसलं पाहिजे. मावशींनी खिशातून घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझा संसार तिच्यात ओतला: चष्मा, रक्तदाबाची गोळी, पासपोर्टची झेरॉक्स, सुपारीची डबी. बडीशेप लेकीच्या घरी राहिली हे नशीब. पंधरा हजार माणसांसमोर आपली सुपारी मिरवत मी आत शिरले.

आणि थबकले. रस्त्याच्या पातळीवरून आत जावं आणि पायाखाली सगळं खोल खोल उतरत जावं, अशी ती रचना आहे. घळईत बांधलंय. वर चढायचं नाही, खाली उतरायचं. चारी बाजूंनी पायऱ्या आणि तळाशी पाण्याऐवजी लाकडाचं चकचकीत मैदान. आपली बारव! माणसांनी काठोकाठ भरलेली, काळ्या-पिवळ्या कपड्यांतली बारव. आमच्या खुर्च्या मधल्या टप्प्यावर होत्या. मावशींच्या आजूबाजूची माणसं त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारी. सगळ्यांनी आधी बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली, मग माझ्याकडे वळले.

गर्दीत मुली होत्याच. पाठीवर 22 लिहिलेल्या, पुठ्ठ्याचे फलक धरलेल्या, आईच्या मांडीवरच्या. माझी नजर खिळली ती मुलग्यांवर. नऊ-दहा वर्षांचे मुलगे एका बाईच्या नंबरची जर्सी घालून फिरत होते आणि त्यात काही विशेष आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या मागे एक शेतकरी आजोबा होते. टोपी, जाड हात. त्यांना प्रत्येक मुलीची टक्केवारी पाठ. पंचांशी त्यांचं जुनं भांडण असावं, कारण खेळ सुरू व्हायच्या आधीच त्यांनी एकाला नावानिशी तंबी दिली.

जावयानं मला आदल्या रात्री वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असतात म्हणून पढवून ठेवलं होतं. तो पुरुषांचा नियम. बायकांचे 2015 पासून दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. पहिल्या भोंग्याला मी मध्यंतर समजून उठले, मावशींनी हाताला धरून बसवलं. दुसरी चूक मोठी होती. समोरच्या संघात जुजू वॉटकिन्स नावाची मुलगी होती. तिनं तीन जणींमधून अंग चोरून, जवळजवळ हवेत थांबून चेंडू आत सोडला, आणि मी न राहवून कडाडून टाळ्या वाजवल्या. सगळ्या गॅलरीत फक्त मीच. मागचे आजोबा खोकले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "चांगलंच होतं ते. वाजवा."

मला सुरुवातीला काही दिसेचना. चेंडूमागे डोळे पळवायचे तर तो कुठल्या कुठे गेलेला असे. इकडे टाकला, तिकडे पळाल्या, शिट्टी, पुन्हा पळाल्या. बँड वाजतोय, ससाण्याचं सोंग घेतलेला कुणीतरी नाचतोय, मोठ्या पडद्यावर लोक आपलेच चेहरे बघून किंचाळतायत. आयोवाच्या मुलीचा फ्री थ्रो असला की पंधरा हजार माणसं देवळात उभी असल्यासारखी गप्प, आणि पाहुण्यांचा असला की तीच माणसं शिमगा करायची.

मग मावशींनी मला बघायला शिकवलं. "चेंडू सोडा. जिच्याकडे चेंडू नाही तिच्याकडे बघा." त्यांनी बोट दाखवलं ती आयोवाची मुलगी वॉटकिन्सच्या पुढ्यात नुसती सरकत होती. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, पाय एकमेकांना न ओलांडता बाजूला बाजूला. चेंडूला तिचा हातसुद्धा लागत नव्हता. पण वॉटकिन्सला डावीकडून जायचं होतं आणि ती तिला उजवीकडे ढकलत होती, नुसतं उभं राहून. दुसरी एक मुलगी आपल्या सवंगडीसाठी भिंतीसारखी मध्ये उभी राहायची, धक्का खायची, आणि तिच्या आडोशानं लुसी ओल्सन मोकळी व्हायची. ओल्सननं त्या दिवशी 28 गुण केले. पडद्यावर तिचं नाव झळकायचं. धक्का खाणारीचं झळकत नसे. मावशी मात्र दर वेळी पुटपुटायच्या, "शाब्बास," आणि ते ओल्सनसाठी नसायचं.

हे एकदा दिसू लागल्यावर मला खेळ कळला. म्हणजे नियम नाही कळले, तीन सेकंदांची काय भानगड आहे ते मला अजून सांगता येणार नाही. पण ओढ कळली. खुंटाजवळ बसणारीला कळते ती ओढ. पळणारी आपल्याकडे येणार की हुलकावणी देणार, हे तिच्या खांद्यावरून ओळखायचं आणि पाठीत थाप पडण्याआधीच पायांत जोर आणायचा.

मध्यंतरात मावशींनी पॉपकॉर्न आणले. मी सुपारी पुढं केली. त्यांनी एक खांड तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं, आणि हे लाकूड आहे का असं विचारलं.

मग मला त्यांना राग आणायची बुद्धी झाली. मी म्हटलं, "एका मुलीनं केवढी माणसं जमवली हो!" सगळे असंच म्हणतात म्हणून मीही म्हटलं. आकडेही तसेच आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये क्लार्कच्या संघाचा एक सराव सामना फुटबॉलच्या मैदानावर ठेवला, तर 55,646 माणसं आली. महिला बास्केटबॉलला इतकी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती. एप्रिल 2024 चा राष्ट्रीय अंतिम सामना आयोवा साउथ कॅरोलायनाकडून 75-87 असा हरली, पण तो टीव्हीवर सरासरी पावणेदोन कोटींच्या वर लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी दीड कोटीही नव्हते. असं पहिल्यांदाच घडलं.

मावशींनी पॉपकॉर्नची पिशवी खाली ठेवली. "फेब्रुवारी 1985," त्या म्हणाल्या. "याच जागी. ओहायो स्टेटविरुद्ध. 22,157." पंधरा हजारांच्या जागेत बावीस हजार. त्या स्वतः तेहेतीस वर्षांच्या, कडेवर मूल, पायरीवर बसून पाहिला म्हणे. व्हिव्हियन स्ट्रिंगर तेव्हा प्रशिक्षक होत्या. क्लार्कचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. "ही मुलगी आभाळातून नाही पडली. तिच्या आधी तिला बघणारी माणसं तयार होती."

मावशींचं सगळं मला मान्य नाही. क्लार्क येण्याआधी महिलांच्या प्रत्येक सामन्याला हे स्टेडियम भरत नव्हतं. हंगामाची सगळीच्या सगळी तिकिटं पहिल्यांदा संपली ती तिच्या शेवटच्या वर्षी. मधल्या रेघेजवळून, जिथून बाकीचे पास द्यायचा विचार करतात तिथून, ती चेंडू टाकायची आणि तो जाळीत जायचा. याला माणसं धावणारच. पण ती गेल्यावरही पुढच्या हंगामाची तिकिटं पुन्हा संपली, हे मावशींच्या बाजूनं पडतं. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूची मैदानाच्या कडेलाच उभी होती. नव्या मुख्य प्रशिक्षक जॅन जेन्सन. त्या सहाजणींच्या खेळातल्या. 1987 साली शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी सामन्यामागे सरासरी 66 गुण केले होते. त्यांच्या आजीही शाळेत हाच खेळ खेळलेल्या, 1921 च्या सुमाराला. क्लार्क खेळली ती या नातीच्या हाताखाली. जेन्सन तेव्हा सहयोगी मुख्य प्रशिक्षक होत्या.

"फॉरवर्ड होती ती," मावशींनी पुस्ती जोडली. "पण चालेल."

सहाजणींचा खेळ आयोवात 1993 साली बंद झाला. शिक्षणात मुलामुलींना समान संधी देणारा कायदा 1972 चा. त्यानंतर अर्ध्या मैदानात कोंडून खेळणाऱ्या मुलींना विद्यापीठांत पूर्ण मैदानाच्या खेळात जागा मिळेना, म्हणून पालक कोर्टात गेले आणि हळूहळू पाचजणींचा खेळ आला. स्मिथ कॉलेजच्या त्या दारं लावून खेळलेल्या सामन्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. बंद झाल्याचं वाईट वाटलं का, मी विचारलं. वाईट वाटलं, आणि नात मैदानभर पळताना पाहिल्यावर आपल्याला पळू दिलं नाही याचाही राग आला, असं त्या एका दमात म्हणाल्या. दोन्ही खरं होतं.

शेवटच्या दहा मिनिटांत मी उभी होते. कधी उठले कळलं नाही. आयोवा पुढं, पाहुण्या मागून येतायत, वॉटकिन्स थांबायचं नाव घेत नाही, आणि मी, जिला दोन तासांपूर्वी कोण कुठल्या बाजूचं हेही सांगता आलं नसतं, मराठीत ओरडत होते. "अगं अडव तिला! अडव!" मागच्या आजोबांना भाषा कळली नाही पण विषय कळला. त्यांनी दुजोरा दिला. 76-69. चौथ्या क्रमांकाचा संघ हरला. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हटलं. मावशींनी भाषांतर केलं, "पुढच्या सामन्यालाही यांना आणा म्हणतायत."

कुणीही उठलं नाही. दिवे मंदावले, केटलिन क्लार्क मैदानात आली आणि 22 चा झेंडा छताकडे गेला. तिच्याआधी महिलांचे दोनच नंबर निवृत्त झालेत, मिशेल एडवर्ड्सचा 30 आणि मेगन गुस्टाफसनचा 10. मावशींनी तेही दोन्ही बोटानं दाखवले, नव्या सुनेला देव्हाऱ्यातले देव दाखवावेत तसे. त्या रडत नव्हत्या. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं होतं आणि मला रुमाल सापडत नव्हता. त्यांनी पारदर्शक पिशवीकडे बोट केलं. बाहेरूनच दिसत होता.

गाडीकडे जाताना त्यांनी विचारलं, "तुमचा तो बसून खेळायचा खेळ. तुमचा सामना बघायला किती माणसं यायची?"

मी आठवून पाहिलं. खेळाचे सर. शिपाई, कारण त्याला नंतर मैदानाला कुलूप लावायचं असे. कुंपणावर दोन पोरं, ती खेळ बघायला आली नव्हती. आमच्या घरातलं कुणी एकदाही आलं नाही. येतात ही कल्पनाच नव्हती, म्हणून वाईटही वाटलं नाही. त्याच हिवाळ्यात, 19 जानेवारीला, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक संपला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. तो मी लेकीच्या घरी मोबाइलवर पाहिला होता, पांघरुणात, एकटीनं. जावई तेव्हा दुसऱ्या खोलीत क्रिकेटचे जुने सामने बघत होता. त्याला काय बोलायचं? मीसुद्धा गावी असताना मुलींचा खो-खो बघायला शेवटची कधी गेले होते, ते मला मावशींना सांगता आलं नाही.

चारजण, मी म्हटलं. त्यांतली दोन कुंपणावर.

मावशी हसल्या नाहीत.

पावसाळा सरत आला की शाळांच्या तालुका पातळीवरच्या स्पर्धा सुरू होतात. तुमच्याही गावात मुलींचा खो-खो असेल, कबड्डी असेल, एखाद्या शाळेत बास्केटबॉलही असेल. तिकीट नसतं, पर्स कुणी अडवत नाही. वेळ दहाची सांगतात, सुरू व्हायला बारा वाजतात. पाण्याची बाटली आणि खुर्ची मात्र घरूनच न्या.